पेशी काय ऐकते

उजव्या कुशीत, शेवटच्या बरगड्यांवर तळहात ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. हाताखाली यकृत आहे. श्वास आत येतो तसं श्वासपटल त्याला थोडं खाली लोटतं, श्वास बाहेर गेला की ते पुन्हा वर सरकतं. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव जन्मभर असा आपल्या श्वासाबरोबर खालीवर होत असतो. आपल्याला त्याची जाणीव नसते, कारण निरोगी यकृत दुखत नाही, आणि आजारी यकृतही बराच काळ दुखत नाही.

आजच्या मननाचा विषय कठीण आहे. यकृतातल्या पित्तनलिकांचा कर्करोग. वैद्यकात त्याला कोलँजिओकार्सिनोमा म्हणतात. तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला असेल, तर नाव वाचूनच जीव खालीवर होईल. तसं झालं तर खुशाल बाजूला ठेवा, नंतर पुन्हा या. मी रोगापासून सुरुवात करणार नाही. आधी एका निरोगी पेशीजवळ बसू. ती काय ऐकते, ऐकून काय करते आणि कधी गप्प होते, एवढं मनात मुरू दे.

यकृतात सगळीकडे नलिका आहेत. केसाहून बारीक नलिका एकमेकींना मिळतात, त्यातून थोडी रुंद नलिका होते, तशा अनेक मिळून आणखी रुंद, आणि शेवटी यकृताच्या उजव्या आणि डाव्या भागातून एकेक मोठी नलिका बाहेर पडून एक होते. या साऱ्यांना आतून पेशींचं एकेरी अस्तर असतं. त्या अस्तरातली एक पेशी म्हणजे आपली पेशी. यकृतातल्या एकूण पेशींमध्ये तिच्या जातीचा वाटा जेमतेम तीन ते पाच टक्के. पण आपल्या रोजच्या पित्तातला ३० ते ४० टक्के द्रव याच पेशी घालतात. आणि पित्त हा काही सौम्य पदार्थ नाही. चरबी फोडणारं रसायन आहे ते. पेशीचं बाहेरचं आवरणही शेवटी चरबीचंच. अशा द्रवाच्या काठाशी ही पेशी आयुष्यभर उभी असते, आणि सुरक्षित राहते. कशी?

ती ऐकते म्हणून.

जेवणानंतरचा अर्धा तास डोळ्यांसमोर आणा. जठरातलं आंबट मिश्रण लहान आतड्याच्या तोंडाशी पोचतं आणि आतड्याच्या भिंतीतून सिक्रेटिन नावाचा रेणू रक्तात उतरतो. १९०२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले, मग त्यात आम्ल सोडलं, आणि तरीही स्वादुपिंड पाझरू लागलं. मज्जातंतू नसताना निरोप पोचला होता, म्हणजे तो रक्तातून गेला होता. माणसाला ओळखता आलेलं ते पहिलं संप्रेरक. तेच सिक्रेटिन यकृतातही येतं आणि तिथे ते आपल्या या पेशीला गाठतं. तिच्या आवरणात एक प्रथिन बसवलेलं असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. सिक्रेटिन त्यावर टेकतं. आत शिरत नाही, नुसतं टेकतं.

इथे थोडं थांबा. बाहेरचा रेणू बाहेरच राहतो, आणि आत मात्र हालचाल सुरू होते. हे कोडं सुटलं तेही यकृतावर काम करतानाच. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्ल सदरलँड यकृताच्या पेशींवर अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम तपासत होते. अ‍ॅड्रेनलिन आवरणाला भेटलं की आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो आणि पुढचं काम तो करतो, असं त्यांना दिसलं. त्यासाठी १९७१ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. आपल्या पेशीतही हेच घडतं. सिक्रेटिन टेकतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं, वाहिन्या उघडतात, आणि पेशी नलिकेत बायकार्बोनेट आणि पाणी सोडते. पित्त पातळ होतं, त्याचा दाह कमी होतो. जेवण पचतं. मग सायक्लिक एएमपी मोडलं जातं आणि पेशी पुन्हा शांत होते.

या शेवटच्या वाक्यावर मन ठेवा. निरोप येतो, काम होतं, निरोप संपतो. संकेतमार्ग म्हटलं की पुस्तकात बाणांची आकृती असते; एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. त्या आकृतीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रत्येक बाणाबरोबर तो बाण विझवणारंही कुणीतरी पेशीत असतं. मला स्वतःला या विषयात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे विझवणं.

आता त्याच पेशीच्या आणखी जवळ जा. नलिकेत तोंड काढून एक बारीक तंतू उभा आहे, काही मायक्रॉन लांबीचा. प्रत्येक पेशीला एकच. त्याला प्राथमिक सिलियम म्हणतात. श्वासनलिकेतल्या रोमांसारखा तो वल्हवत नाही, पित्ताला पुढे ढकलत नाही. त्याचं काम फक्त जाणण्याचं. नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की प्रवाहाची ओढ पोटऱ्यांना आपोआप कळते, तसा हा तंतू पित्ताच्या वाहण्याने किंचित वाकतो आणि वेग पेशीला कळतो. पित्त किती दाट आहे, त्यात कोणती रसायनं आहेत, हेही त्याच्यावरची प्रथिनं टिपतात.

या तंतूवर टीजीआर५ नावाचा एक रिसेप्टर असतो. पित्ताम्ल त्यावर टेकलं की तो जागा होतो. मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी २०१३ साली एक विलक्षण गोष्ट दाखवली. ज्या पेशींना तंतू होता, त्यांच्यात टीजीआर५ जागा झाला की सायक्लिक एएमपी कमी झालं आणि पेशींची वाढ मंदावली. ज्यांना तंतू नव्हता, त्यांच्यात त्याच रिसेप्टरने, त्याच निरोपावर, उलट केलं. सायक्लिक एएमपी वाढलं, पेशी वाढू लागल्या.

सावकाश पुन्हा वाचा. निरोप तोच, ऐकणारं प्रथिनही तेच. फरक एवढाच की ते कुठे उभं राहून ऐकतंय. आणि पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये हा तंतू बहुधा नाहीसा झालेला असतो. एचडीएसी६ नावाचं एक विकर या पेशींत वाढतं आणि तंतूचा आधार मोडतं. त्याच वर्षी, त्याच संस्थेत, हे विकर अडवल्यावर प्रयोगशाळेतल्या कर्करोग पेशींवर तंतू परत उगवले आणि त्यांची वाढ घटली. औषध म्हणून हे अजून रुग्णाच्या हाती आलेलं नाही. तरी मननासाठी ही गोष्ट मी मुद्दाम पुढे ठेवतो. कर्करोगाची पेशी आक्रमक होण्याआधी बधिर झालेली असते, असा विचार निदान एकदा करून पाहावा.

एक श्वास आणखी घ्या, आणि आता कित्येक वर्षं मागे चला, आईच्या पोटात. गर्भाच्या यकृतात सुरुवातीला नलिका नसतात. एकसारख्या पेशी असतात. त्यांपैकी प्रत्येक पेशी यकृताची मुख्य पेशी होऊ शकते किंवा नलिकेचं अस्तर होऊ शकते. यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिका शिरेभोवतीच्या पेशी आपल्या आवरणावर जॅग्ड१ नावाचं प्रथिन मिरवतात. शेजारच्या पेशीवर नॉच नावाचं प्रथिन असतं. दोघी खेटल्या की जॅग्ड नॉचला पकडून ओढतं, नॉच तुटतं आणि त्याचा आतला तुकडा थेट पेशीकेंद्रात जाऊन जनुकांना जागं करतो: नलिका हो. हा निरोप रक्तातून येत नाही, दुरून येत नाही. स्पर्श झाला तरच पोचतो. नॉच हे नाव आलं ते पंखाला खाच असलेल्या फळमाशीवरून; शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत ती माशी दिसली होती. आणि १९९७ मध्ये कळलं की अलाजिल सिंड्रोम घेऊन जन्मणाऱ्या बहुतेक मुलांमध्ये जॅग्ड१ चं जनुक बिघडलेलं असतं. या मुलांच्या यकृतात नलिका फार थोड्या असतात. पित्त साचतं, अंगाला असह्य खाज सुटते. स्पर्शाचा एक निरोप अर्धवट पोचला, त्याचा हा परिणाम.

तोच नॉच मोठेपणी नको तेव्हा, नको तितका जागा राहिला तर? २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी उंदरांवर हे पाहिलं. यकृताच्या पूर्ण वाढलेल्या मुख्य पेशीत नॉच सतत चालू ठेवला, त्याला आणखी एका घटकाची जोड दिली, की ती पेशी आपलं रूप सोडून नलिकेच्या पेशीसारखी होऊ लागते आणि पुढे पित्तनलिकेचा कर्करोग होतो. म्हणजे गर्भात ज्या निरोपाने नलिका घडली, त्याच निरोपाने गाठही घडू शकते.

हे मानायला जड जातं. आपल्याला कर्करोग बाहेरचा शत्रू वाटतो. त्याच्याशी लढा, त्याला हरवा, असं आपण म्हणतो, आणि आजाऱ्याला त्यातून बळ मिळत असेल तर म्हणावंही. पण या पेशीत परका असा एकही निरोप सापडत नाही. गर्भात अवयव घडवणारे, जखम भरणारे, झीज भरून काढणारे हेच ते मार्ग. ते सुरू झाले, यात आजार नाही. ते थांबले नाहीत, यात आहे.

थायलंडच्या ईशान्य भागात, इसान नावाच्या मुलखात, हे सर्वांत स्पष्ट दिसतं. पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते इथे. भाताची शेतं, तळी, संथ नद्या. तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांत ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी या चपट्या कृमीचं बीज असतं. कच्चा मासा बारीक चिरून लिंबू, मिरची आणि पाल्याबरोबर कालवला की कोई प्ला होतो. शेतावर, नातलगांत, हसतखेळत खाल्ला जाणारा पदार्थ. लिंबाच्या रसाने कृमी मरत नाही. तो पित्तनलिकेत जाऊन बसतो आणि तिथे वर्षानुवर्षं, कधी दहा वर्षांहून जास्त, राहतो.

तिथे नलिकेच्या पेशीला काय ऐकू येतं, याचा विचार करा. कृमीच्या चोषकांनी अस्तर सोलवटतं. दाह होतो. दाहाच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने डीएनएला इजा होते आणि ती दुरुस्त करणारी यंत्रणाही मंदावते. इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप येतो: जखम आहे, वाढ, मरू नकोस. तो स्टॅट३ या प्रथिनातर्फे पेशीकेंद्रात पोचतो. त्यात भर म्हणजे कृमी स्वतः ग्रॅन्युलिन नावाचं वाढीचं प्रथिन सोडतो. माणसाच्या शरीरातही जखम भरताना त्याच घराण्याचं प्रथिन काम करतं. २००९ मध्ये हे उघड झालं तेव्हापासून मला त्यातलं दुःख सुटत नाही. नलिकेतला पाहुणा यजमानाचीच भाषा बोलतो, आणि बोलतो तीही बरं होण्याची भाषा.

निरोगी पेशीत स्टॅट३ जागा झाला की काही वेळाने सॉक्स३ नावाचं प्रथिन तयार होतं आणि तो मार्ग विझवतं. कर्करोगाच्या कित्येक पेशींमध्ये सॉक्स३ चं जनुक रासायनिक खुणा बसून बंद पडलेलं असतं. शिवाय पेशी इंटरल्युकिन-६ स्वतःच बनवते आणि स्वतःच ऐकते. आता बाहेर जखम असो वा नसो. ती स्वतःशीच बोलू लागली आहे.

१९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं. खोन केन विद्यापीठातले शल्यविशारद नारोंग खुन्तिकेओ यांचे आई आणि वडील दोघेही याच कर्करोगाने गेले. दोघांनाही हा पदार्थ प्रिय होता. पुढे ते गावोगाव सोनोग्राफीचं यंत्र घेऊन फिरले, लोकांना तपासलं, मासा शिजवून खा म्हणून सांगत राहिले. प्राझिक्वांटेल या स्वस्त गोळीने कृमी मरतो. पण पुन्हा कच्चा मासा खाल्ला की पुन्हा होतो, म्हणून नुसती गोळी पुरत नाही. इथे सगळ्या संकेतमार्गांच्या आधीचा उपाय स्वयंपाकघरात आहे, आणि माझ्या मते तो कोणत्याही नव्या औषधाहून मोठा आहे.

मात्र बहुतेक देशांत कृमी नसतो. कुठे नलिकांत खडे असतात, कुठे प्राथमिक स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा दीर्घ दाह असतो. जपानमध्ये ओसाकाच्या एका छापखान्यात रसायनाच्या वाफेत काम करणाऱ्या तरुणांना हा कर्करोग झाला. आणि पुष्कळ रुग्णांमध्ये कारण सापडतच नाही. कुणी खाल्लं काय, केलं काय, याचा शोध घेत आजाऱ्याला दोष देऊ नये. घरच्यांनीही स्वतःला देऊ नये.

आता गाठीच्या आत एकदा नजर टाकू. यकृतातल्या पित्तनलिकांच्या कर्करोगात १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये एफजीएफआर२ नावाच्या रिसेप्टरचं जनुक तुटून दुसऱ्याच जनुकाला जोडलं गेलेलं असतं. एरवी वाढीचा रेणू आला की असे दोन रिसेप्टर जवळ येतात, एकमेकांना जागं करतात आणि आत निरोप जातो. जोडलेला परका तुकडा त्यांना रेणूशिवायच जवळ आणतो. कुणी काही सांगितलेलं नाही आणि पेशीला मात्र अखंड ऐकू येतंय. साधारण तेवढ्याच रुग्णांत आयडीएच१ या विकरात बदल असतो. त्यातून एक असा रेणू साचत जातो की जनुकांवरच्या खुणा पुसणारी यंत्रणा अडते आणि पेशी प्रौढ होण्याचा निरोप पुरा करू शकत नाही. इसानमधल्या कृमीजन्य गाठींमध्ये हे दोन्ही बदल क्वचित दिसतात. तिथे टीपी५३ आणि एसएमएडी४ सारखी, वाढ रोखणारी जनुकं जास्त बिघडलेली असतात. नाव एक, अवयव एक, पण आतलं ऐकणं वेगळं.

गाठ एकटीही नसते. तिच्याभोवती तंतुपेशींचं घट्ट, पांढरट जाळं असतं. त्या पेशी गाठीला वाढीचे निरोप देतात, गाठ त्यांना देते, आणि जाळ्याचा कडकपणा हाही पेशीसाठी एक निरोप ठरतो.

हे सारं माहीत झाल्याने रुग्णाला काय मिळालं, हा प्रश्न टाळू नये. २०१० मध्ये ४१० रुग्णांच्या चाचणीने जेमसिटाबिन आणि सिसप्लॅटिन ही जोडी उपचाराचा पाया ठरली. मध्यम आयुर्मान एकट्या जेमसिटाबिनने ८.१ महिने होतं, जोडीने ११.७ झालं. आकडा छोटा आहे. ज्या घरात ते सुमारे साडेतीन महिने मिळाले, त्या घराला तो छोटा वाटला नसेल. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत एफजीएफआर२ साठी पेमिगॅटिनिब हे औषध मंजूर झालं. तो बदल असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांच्या गाठी त्याने लक्षणीय आकसल्या. २०२१ मध्ये आयडीएच१ साठी आयव्होसिडेनिब आलं, २०२२ मध्ये एफजीएफआर२ साठीच फ्युटिबॅटिनिब. ही औषधं रोग बरा करत नाहीत, काही काळ थोपवतात. काही महिन्यांनी रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो, औषध त्यावर बसेनासं होतं. एकाच रुग्णाच्या वेगवेगळ्या गाठींत वेगवेगळे बदल सापडतात. आणि एफजीएफआर अडवणाऱ्या औषधांनी रक्तातलं फॉस्फेट वाढतं, कारण मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकण्याचा निरोप याच घराण्यातले रिसेप्टर देतात. गाठीतला निरोप बंद करताना मूत्रपिंडातलाही बंद होतो. शरीरात एकच भाषा असल्याची ही किंमत.

हात अजून बरगड्यांवर असेल तर तसाच राहू द्या. घरात या रोगाचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी झाली आहे का, एफजीएफआर२, आयडीएच१ आणि हर२ हा वाढीचाच आणखी एक रिसेप्टर पाहिले आहेत का? हा प्रश्न केमोथेरपीच्या सुरुवातीलाच विचारा, कारण अहवाल यायला आठवडे लागतात. आणि आजार कुणालाच नसेल तरी एवढं ध्यानात असू द्या. डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच पांढरट होऊ लागलं, अंगाला खाज सुटली, तर काविळीचा झाडपाला घेत किंवा पथ्य पाळत वाट पाहू नका. दुखत नाही म्हणूनही थांबू नका. त्याच आठवड्यात रक्त तपासा आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या.